शिवलेलं प्रकरण

साखर पेठेतल्या आमच्या वाचनालयात
बाल विभागाच्या तिसऱ्या फळीवर
‘मिठाच्या नदीपलीकडे’.
तीन अनाथ पोरं रात्री कुंपण ओलांडतात,
एक बगळा त्यांना अर्धी अर्धी वाक्यं सांगतो,
उरलेली अर्धी रस्त्यात शोधावी लागतात.

मागच्या पुठ्ठ्याला मी एक कोरं पान चिकटवलं.
वर लिहिलं: वाचून झालं की मत लिहा,
खाडाखोड चालेल.

सगळ्यांत आधी भूदेवी बुरानं लिहिलं.
कागदाला तंबाखूचा वास, कोपऱ्यात पिवळा अंगठा:
‘ऐंशी पानं पळतात, जेवत कुणीच नाही.
आमच्यात हजार विड्या वळून होईस्तोवर
दोनदा भूक लागते.
पिशवीत निदान कडक भाकरी तरी घालायची.’

गुरुशांत हत्तुरे नातवासाठी म्हणून घेऊन गेले
आणि स्वतःच वाचून आले:
‘जादू बरी आहे.
पण सकाळी हजेरीत तीन नावं कमी भरली,
त्याचा जाब कुणी कुणाला दिला?
लेखकानं हा भाग टाळला आहे.’

मल्लय्या कोडम. चाळीस वर्षं मागावर,
डावा कान मागालाच देऊन टाकलेला,
मराठी अक्षरंही तेलुगू वळणाची, गोल गोल:
‘पान बावन्न. चादरीला मारलेली गाठ चूक.
या गाठीनं धाकटं पोर पडणार.
बरोबर गाठ खाली काढली आहे.’
खाली खरंच काढली होती.
मी पदराच्या टोकाला मारून बघितली,
वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी सुटेना.

चौथीतली इक्रा बागवान:
‘कंबर तलावावर जाऊन मी बगळ्यांना विचारलं.
ते काहीच बोलत नाहीत.
उरलेलं अर्धं त्यांच्याकडंच असणार.’

आणि रेवण.
शनिवारी बालगृहातून रांगेत येणाऱ्यांतला, शेवटून दुसरा.
पाच वेळा पुस्तक त्याच्याच नावावर,
मत मात्र एक ओळ नाही.
‘काय रे, पाठ करलालास काय?’
‘शेवट सोडून,’ म्हणाला.

सहाव्यांदा पुस्तक परत आलं
ते शेवटचं प्रकरण शिवून.
शर्टाच्या बटणाचा काळा दोरा, चौदा टाके,
पहिले वाकडे, पुढचे सरळ होत गेलेले.

मी ओरडले. नियमांची पाटी वाचून दाखवली,
कलम सात, पुस्तकाची नासधूस, दंड दहा रुपये.
त्यानं पाटीकडं बघितलं, मग चपलेकडं.
‘शेवटी त्यांना आई सापडती. मोठ्या पोरांनी सांगितलं.
सापडली की ती घरी जातात, मॅडम.
मग आमच्यात कोण राहतं?’

ड्रॉवरमधून कात्री काढली मी.
तिच्यानं नव्या मासिकांच्या दोऱ्या कापल्या,
सगळ्या, एकेक,
तो रांगेत परत जाईपर्यंत.

वाटलं होतं तक्रारी येतील.
भूदेवीनं पुस्तक पुन्हा नेलं.
परत आलं तेव्हा काळा दोरा नव्हता, लाल होता.
वाचलं होतं तिनं. वाचून परत शिवलं होतं.
पुठ्ठ्याच्या पानावर एकच वाक्य:
‘शेवटी जेवले एकदाचे.’
मल्लय्यांचा टाका तर दिसतच नाही,
बोट फिरवलं तरच लागतो.
इक्राला शिवता येत नाही,
तिनं केसांची हिरवी पिन लावली.
हत्तुरेंनी उघडलंच नाही.
‘राहू दे की,’ म्हणाले, आणि नातवाला
दुसरं काहीतरी शोधायला लागले, चश्मा कपाळावर ठेवून.

दंडाचे दहा रुपये
मी अजून वहीत येणे दाखवते.

परवा शनिवारी रेवणनं पुस्तक खिडकीशी धरलं.
पानांच्या कडेनं उजेडाची बारीक भोकं,
त्याच्या चौदापेक्षा कितीतरी जास्त.
मोजत होता. मध्येच चुकला, परत पहिल्यापासून.
मग मागच्या पोराच्या हातात पुस्तक देत म्हणाला,
‘उघड हवं तर.
पण हळू शिव बे,
कागद आता लई पातळ झालाय.’